मापाचं ब्लाउज

ब्लाउज उलटं करून मयुरीनं डाव्या कटोरीवरून बोट फिरवलं, आणि बोट अडलं. तिथं अडण्यासारखं काही असायलाच नको होतं. ब्लाउज तिनंच शिवलेलं होतं, आईसाठी, मागच्याच्या मागच्या दिवाळीत. जांभळं कापड, आतून अस्तर, काखेत सैलसर, कारण आईला जाळं फेकताना हात मोकळा लागतो. आपल्या शिवणीवर बोट अडलं असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं, तर मयुरीनं तिला तिथल्या तिथं दोन शब्द सुनावले असते. तिनं ब्लाउज खिडकीपाशी नेलं. खिडकीच्या गजांवर कोळशाची बारीक पूड बसलेली असते, सकाळी पुसली की दुपारी पुन्हा, त्यामुळं पांढरं कापड ती तिथं कधी नेत नाही. पण उजेड तिथंच बरा. आतल्या बाजूला जुन्या धोतराचा मऊ, दुपदरी तुकडा हातानं टाचला होता. तुकड्यावर हळद होती, आणि हळदीच्या मधोमध एक तपकिरी डाग, धुऊन धुऊन फिका पडलेला. काखेखालची शिवण उसवून आत सोडलेलं सगळं मार्जिन बाहेर काढलं होतं. फक्त डावीकडं. उजवी बाजू मयुरीनं शिवली होती तशीच्या तशी होती. ब्लाउज हातात घेऊन ती उभी राहिली. मशीनवर अर्धी बाही लटकत होती, समोर एका नवरीच्या आत्याचं ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, आणि ती मात्र त्या धोतराच्या तुकड्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली.

ब्लाउजं बाईच्या अंगावरून शिवली जातात असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं चंद्रपूरच्या बाबूपेठेतल्या मयुरीच्या दुकानात एक दिवस बसून पाहावं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिळ्यांना पिशव्या लटकलेल्या, आणि प्रत्येक पिशवीत नवं कापड आणि एक जुनं, अंगाला नीट बसणारं ब्लाउज. मापाचं ब्लाउज. ते पाठवायचं, त्यावरून नवं शिवून घ्यायचं. टेप अंगाला लावून घ्यायला बायका तयार नसतात. हात वर करायचा, श्वास धरायचा, कुणीतरी छातीभोवती हात घालायचा, त्यापेक्षा जुनं ब्लाउज बरं. मयुरीलाही तेच सोयीचं पडायचं. गेल्या कित्येक वर्षांत तिनं शेकडो बायकांच्या छात्या शिवल्या आणि पाहिली एकही नाही. तिला ठाऊक होती ती फक्त कापडं. कोणाचा खांदा उतरता, कोणाची पाठ बाळंतपणानंतर भरली, कोणाला एक टक जास्त लागतो. स्वतःचं ब्लाउजही ती मापाच्या ब्लाउजावरूनच शिवायची, लग्नानंतरच्या वर्षी शिवलेल्या एका निळ्या ब्लाउजावरून, त्याला दर वेळी अदमासानं थोडं थोडं वाढवत. आरशासमोर स्वतःला टेप लावलेली तिला आठवत नव्हती.

ही पिशवी होळीच्या आधी आली होती. गावाकडून मासे घेऊन येणारे पोचूभाऊ ती दारात ठेवून गेले होते, आणि त्याच संध्याकाळी भावाच्या फोनवरून आई बोलली होती, "माप धाडलं हाय. कापड बी धाडलं. तू पाह्यजो बराबर." मयुरी म्हणाली, "हो माय, पाहीन," आणि पिशवी खिळ्याला अडकवली. आईचं काम मागे राहिलं तर आई रागावत नाही. जगात एवढं एकच गिऱ्हाईक असं असतं, आणि त्याच्यावरच अन्याय होतो. होळी गेली, लगीनसराई आली, त्या पिशवीवर दुसऱ्या पिशव्या अडकल्या. आज खिळा मोकळा करताना ती खाली पडली म्हणून उघडली गेली. नाहीतर आणखी महिनाभर तशीच राहिली असती. तू पाह्यजो बराबर. शिवजो नव्हे, पाह्यजो. आई असं कधी म्हणत नाही. आई म्हणते, जमन तवा शिव. मयुरीला आता ते शब्द कानाशी कुणी पुन्हा बोलल्यासारखे ऐकू येऊ लागले, आणि तेव्हा ऐकताना आपण डाव्या हातानं बॉबिन भरत होतो हेही आठवलं. तिला स्वतःचा इतका राग आला की ती पाटावर बसली आणि पुन्हा उठली.

तुकडा आईनंच टाचला होता यात शंका नव्हती. टाक्याच्या शेवटी जाळ्याची गाठ होती. आई सगळ्याला तीच गाठ मारते, फाटलेल्या गोधडीला, पोत्याच्या तोंडाला, लहानपणी मयुरीच्या रिबिनीलासुद्धा. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात दुसरी गाठ कोण शिकवणार. मयुरीनं ब्लाउज नाकाशी नेलं. हळदीचा वास, आणि कसल्यातरी मलमाचा. तंबाखूचा नव्हता. आईच्या ब्लाउजाला तंबाखूचा वास नाही, असं मयुरीच्या जन्मात झालं नव्हतं. तिची चंची, पान-तंबाखूची ती तीन कप्प्यांची कापडी पिशवी, डाव्या बाजूला छातीशी खोचलेली असायची. म्हणजे आईनं तंबाखू सोडली. आईनं तंबाखू आपणहून सोडली, म्हणजे दुखणं केवढं असेल. आणि चंची तिथं आता मावतच नसेल, तिथं दुसरंच काहीतरी असेल. पिशवीतलं नवं कापड तिनं उलगडलं तर ते पोपटी निघालं, चमकदार, बारीक बुट्टीचं. आई असं घालत नाही. मरायला टेकलेली माणसं एकदम हौसेनं काही मागतात म्हणे, असा एक घाणेरडा विचार मनात येऊन गेला, आणि तो आपल्या मनात आला म्हणून तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

तिला काहीच माहीत नसतं तर बरं झालं असतं. पण तिला माहीत होतं. मागच्या पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीला सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या होत्या, आणि त्याआधी मयुरीकडं आल्या होत्या. म्हणाल्या, ताई, मला कापडाच्या तीन छात्या शिवून द्या, आत कापूस भरा, आणि एकीत मोहरीचा दाणा, एकीत वाटाणा, एकीत चिंचोका शिवा. बायकांना हातानं कळलं पाहिजे. मयुरीनं हसत हसत अंगाच्या रंगाच्या कापडाच्या शिवल्या. चिंचोका तिनं अस्तराला पक्का टाचला होता, बोटाखाली हलू नये असा, कारण नर्सबाईंनी तसंच सांगितलं होतं. बैठकीत त्या छात्या हातोहात फिरल्या. गटातल्या ठमाबाई म्हणाल्या, "माहीपेक्षा हीच बरी हाय," आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की नर्सबाईंनाही थांबावं लागलं. मग नर्सबाई आवाज न चढवता बोलत राहिल्या. पाळी येऊन गेली की आठवडाभरात, आणि पाळी थांबली असेल त्यांनी महिन्यातला एक दिवस धरून, आधी आरशात पाहायचं, हात खाली, मग हात वर. एक बाजू वेगळी दिसते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली का, बोंड आत ओढलंय का, त्यातून काही येतं का. मग आडवं होऊन तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल, काखेपर्यंत. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक नसतातच, पण ते ठरवायचं आपण नाही, डॉक्टरांनी. आणि दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. दुखत नाही तिचीच जास्त काळजी करा. मयुरी मागे बसून आपल्या शिवणीचे टाके बघत होती. चिंचोक्याच्या जागी कापड किंचित ओढल्यासारखं झालं होतं, आणि शिवण नीट बसली नाही याचंच तिला वाईट वाटत होतं. घरी येऊन तिनं एकदाही हात लावला नाही. उद्या, म्हणाली. मग पाळीनंतर, म्हणाली. मग विसरली, म्हणजे विसरली असं स्वतःला सांगितलं. खरं असं की तिला भीती वाटत होती. हात लावला नाही तर काही नसतं. हात लावला की असू शकतं.

तिनं भावाला फोन लावला. भूपेश तळ्यावर होता, मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज येत होता. "माय बरी हाय का रे?" "बरी हाय ना. मोहफुलं येचाले गेली. काऊन?" मयुरीनं तोंड उघडलं. भावाशी ती आजवर शेतीचं, भांडणाचं, कर्जाचं, अगदी नवऱ्याच्या दारूचंही बोलली होती. या एका गोष्टीला मात्र तोंडात शब्दच नव्हता. जे होते ते एकतर शिवीसारखे होते, नाहीतर पुस्तकातले. "काई नाई," ती म्हणाली, "मी येऊन राह्यली." "आत्ता? लगीनसराईत?" तिनं फोन ठेवला. खाणीतून पाळी संपवून आलेल्या सूरजला, तिच्या नवऱ्याला, तिनं एवढंच सांगितलं की मायची तब्येत बरी नाही. त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, बायकांचं. त्यानं मान वळवली आणि हातपाय धुवायला गेला. बायकांचं म्हटलं की पुरुष असा हात झटकून मागे सरतो जसं काही तव्याला हात लागला, आणि बायकांनाही ते बरंच वाटतं. त्या एका शब्दाआड कितीतरी बायका गुपचूप मेल्या असतील, असं मयुरीच्या मनात आलं, आणि तीही आत्ता त्याच्याच आड उभी होती. नवरीच्या आत्याचं ब्लाउज तसंच टाकून तिनं जांभळं ब्लाउज पिशवीत घातलं.

मूल गावात बस बदलून सिंदेवाहीच्या रस्त्याला लागल्यावर जंगल सुरू झालं. पानगळ होऊन झाडं उघडी पडली होती, मोहाखालची जमीन जाळून साफ केलेली, काळी. मयुरी खिडकीशी बसली होती आणि तिचा उजवा हात पदराखाली होता, डाव्या बगलेशी. तो तिथं कधी गेला हे तिला कळलं नव्हतं. तिनं तो काढून मांडीवर ठेवला. आईला काय विचारायचं? माय, दाखव. असं कसं म्हणणार? आईची छाती तिनं पाहिली होती, पण केव्हा, तर भूपेश अंगावर पीत होता तेव्हा, आणि शेजारची बाळंतीण तापानं पडली म्हणून तिचं पोरही आई पाजायची तेव्हा. उघड्या ओसरीवर, सगळ्यांसमोर, आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. दूध असेपर्यंत छाती सगळ्या गावाची असते. दूध आटलं की ती झाकायची, आणि मग बाईनं स्वतःसुद्धा तिकडं पाहायचं नाही. तळ्यावर बायका लुगड्यासकट पाण्यात उतरायच्या आणि लुगड्यासकट वर यायच्या. मयुरी नहाण आल्यावर पहिल्यांदा तळ्यावर गेली तेव्हा साबणाचा हात आत घालू लागली, तर आईनं मनगट धरलं होतं. "वरूनच घास. आत हात घालू नोको." आईनं ते रागानं म्हटलं नव्हतं, उलट हलक्या आवाजात, मुलीला काटा लागू नये म्हणून सांगावं तसं. आणि तो हात अजूनही मनगटावर आहे, असं बसमध्ये मयुरीला वाटलं. आईनंही स्वतःला वरूनच घासलं असेल इतकी वर्षं. मग कळणार कसं? डाग पडेपर्यंत कळणार कसं? नर्सबाई म्हणाल्या होत्या, लवकर सापडली तर बाई वाचते. लवकर म्हणजे केव्हा? होळीच्या आधी म्हणजे लवकर होतं का? खिळ्यावरची पिशवी तिच्या डोळ्यांसमोर हलत राहिली. बस एका वळणावर थांबली, एक म्हातारी मोहाची टोपली घेऊन चढली, सगळी बस त्या गोड, डोकं धरणाऱ्या वासानं भरली, आणि मयुरीनं तोंड खिडकीबाहेर काढलं.

अंगणात मोहाची फुलं वाळत होती आणि त्यांच्या मधोमध आई, रंभाबाई, उकिडवी बसून त्यातला कचरा वेचत होती. मयुरीला बघून ती उठली, हात लुगड्याला पुसले, डाव्या बाजूला छातीशी हात घातला आणि चंची काढली. मयुरी दारातच थांबली. चंची. तीच, मळकी, कडेला लाल दोरा असलेली. आईनं तंबाखू चोळली, दाढेत धरली आणि लेकीकडं टक लावून पाहिलं. "आली," ती म्हणाली. त्या एका शब्दात इतकी सुटका होती की मयुरीला काही समजेना. "माय, आत चाल." "पानी तं पी." "आत चाल म्हनतो ना तुले!" आतल्या खोलीत दार लावून मयुरीनं पिशवीतून जांभळं ब्लाउज काढलं आणि पुढं धरलं, आणि तोंडातून शब्द येण्याच्या आत डोळ्यांतून पाणी आलं. "दाखव मले. आत्ताच्या आत्ता दाखव." आईनं तिच्याकडं पाहिलं, मग ब्लाउजाकडं, आणि स्वतःचे हुक काढले. म्हातारी छाती, रिकाम्या पिशव्यांसारखी, चंचीनं घासून डावीकडं एक काळसर घट्टा पडलेला. मयुरीनं तीन बोटं ठेवली. गोल गोल, काखेपर्यंत, मग उजवीकडं. कापूस, नुसता कापूस. कुठं मोहरीसुद्धा नाही. तिनं पुन्हा पाहिलं, कारण तिचा विश्वास बसेना. आई खदखदून हसू लागली. "गुदगुल्या होऊन राह्यल्या व." आणि मग हसणं थांबवून, हुक लावत, ती हळूच म्हणाली, "माहं नोहे ते. तुले वाटलं माहं?"

"तुहंच तं हाय हे! मीच शिवलं." "शिवलं माह्यासाठी. पर सहा महिन्यापासून रुपाली घालून राह्यली. तिचे सारे तंग होत होते, दुखे, मनून माहं ढिलं घेतलं." रुपाली, भूपेशची बायको, मयुरीची भावजय, मांडीवरचं पोर आत्ता कुठं अंगणात धावू लागलेली, केसांत फूल असल्याशिवाय तळ्यावर न जाणारी. पोपटी कापड. मयुरीनं भिंतीला हात टेकला. "मंग सांगतलं काऊन नाई? फोनवर सांगता येत नोहोतं?" "शपथ घातली तिनं. लेकराच्या डोस्क्यावर माहा हात ठेवला, अना म्हने, कोणाले सांगसान तं बघा. भूपेसले नाई, तुमच्या पोरीले नाई." आईनं तंबाखूचा बार जिभेनं दुसऱ्या दाढेत सारला. "म्या तोंड नाई उघडलं, बापा. माप धाडलं. मले वाटलं, तुहं बोट त्यावर अडन. मंग रोज बस आली का रस्त्याकडं पाहत राहो." हे ती काही लागट बोलली नव्हती, पण मयुरीला ते सोसेना. ती खाली बसली. बसमधली सगळी भीती आईवरून उठून आता दुसऱ्या अंगावर जाऊन बसली होती, आणि ते अंग तिच्याहून लहान होतं. मधल्या त्या क्षणभरात, आई वाचली म्हणून तिला जे बरं वाटलं होतं, त्याची तिला लाज वाटली.

रुपाली तळ्यावरून आली ती टोपली उजव्या कमरेवर घेऊन. डावा हात अंगापासून किंचित दूर, पदर त्या बाजूला दुहेरी. हे सगळं दिसत होतं. बघणाऱ्याला अगदी सहज दिसत होतं. मयुरीच्या हातातलं ब्लाउज पाहताच तिनं सासूकडं वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा असा पडला की मयुरीला वाटलं, ही आता पळते की काय. "मामी, तुमी सांगतलं!" "नाई सांगतलं व, माय. इच्यार तिले." "मले ब्लाउजानं सांगतलं," मयुरी म्हणाली. "रुपाली, आत ये. दार लाव." रुपाली आत आली पण दाराशीच उभी राहिली. म्हणाली, काही नाही, दुधाची गाठ आहे. पोराला तोडलं तेव्हा दूध साचलं, त्याचीच राहिली. हळद लावते, बसून जाईल. दुखते का? आधी ब्लाउज आवळे तेव्हा दुखे, आता काही दुखत नाही, कशाला दुखेल. दुखत नाही हे तिनं सुटल्यासारखं सांगितलं, आणि मयुरीला नर्सबाईंचे शब्द आठवले. "किती दिवसाची?" रुपाली एकदम बोलू लागली, आणि थांबेचना. दवाखान्यात गेलं की नाव पडतं. नाव पडलं की गाव बोलतं. पल्याडच्या गावात एका बाईला झालं तर लोकांनी तिच्या हातची मासोळी घेणं सोडलं, जसं काही ते मासोळीतून येते. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली. "मी टोपली घेऊन कुठी जाऊ, ताई? माह्या हातची मासोळी कोन घेईन?" मयुरी म्हणाली, ते असं पसरत नाही, हाताला लागत नाही, कुणी सांगितलं तुला? पण नर्सबाईंच्या तोंडी जे पटण्यासारखं वाटलं होतं, ते तिच्या तोंडून पाठ केल्यासारखं येत होतं. रुपालीनं ऐकून घेतलं. मग तिनं सरळ मयुरीच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी आपलं पाह्यलं का कधी?"

हा प्रश्न कुणीतरी एक दिवस विचारणार होतं. खोटं बोलता आलं असतं. हो म्हणायला काय लागतं, दर महिन्याला पाहते म्हणायला काय लागतं. गिऱ्हाइकांना उद्या देते म्हणताना जीभ अडत नाही. "नाई," मयुरी म्हणाली. "म्या ते शिकवायच्या कापडाच्या छात्या शिवल्या, अना आपल्याले हात नाई लावला. मले भेव लागते." रुपालीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मयुरीनं खांद्यावरची पिन काढली. आई म्हणाली, "काय करून राह्यली व?" हुक काढताना बोटं हुकपट्टीवर घसरत होती, तीच बोटं जी दिवसाला शंभर हुक टाचतात. भर दुपारी, कौलांच्या फटीतून उजेड पडत असताना, आई आणि भावजयीसमोर तिनं ब्लाउज उतरवलं, भिंतीवरच्या हातभर आरशात आधी हात खाली ठेवून पाहिलं, मग वर करून. चाळिशीला टेकलेली एक बाई तिथं उभी होती, तिला फारशी ओळखीची नसलेली. ती चटईवर आडवी झाली, डोक्याखाली हात घेतला आणि तीन बोटं ठेवली. कोणीतरी मनगट धरेल असं वाटलं. कुणी धरलं नाही. आत सगळं गाठीगाठींचंच लागत होतं, किंवा काहीच लागत नव्हतं. कापसात आणि अंगात केवढा फरक असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी बोटं गोल फिरत होती, काखेपर्यंत, मग दुसरीकडं. चिंचोका नव्हता. वाटाणाही नसावा. "मले काई लागत नाई," ती म्हणाली, "पर माह्या बोटाचा मले भरोसा नाई. मी बी दाखवीन डॉक्टरले. तुह्यासंगं." मग आईनं, जिनं कधीकाळी तिचं मनगट धरलं होतं, सुनेचं मनगट धरलं, आणि ओढलं नाही, नुसतंच धरून राहिली. रुपाली चटईवर येऊन बसली.

तिच्या डाव्या बाजूला काही शोधावं लागलं नाही. कातडी एका जागी ओढल्यासारखी झाली होती, कापडाला आतून टाका घालून खेचल्यावर होते तशी, आणि मयुरीनं ते ओळखलं. आपलीच शिवण नीट बसली नाही म्हणून पावसाळ्यात वाईट वाटलं होतं, ती जागा. बोटाखाली गाठ हलली नाही. काखेतही एक होती, लहान. मयुरीनं हात काढून घेतला आणि चेहरा तसाच ठेवण्याचा प्रयत्न केला, पण रुपाली तिच्या चेहऱ्याकडंच पाहत होती. "तेच हाय का?" "मले नाई माहीत. कोनालेच नाई माहीत, सुई टाकून पाहेपर्यंत. पर इथं बसून हळद लावायची नाई आता." "अना असन तं?" "असन तं इलाज हाय. लोक बरे होतात." हे ती खात्रीनं बोलली, आणि आतून तिला काडीची खात्री नव्हती. होळीपासूनचे दिवस तिच्या मानेवर बसले होते. ते रुपालीला सांगावं का? पिशवी खिळ्याला होती, मी पाहिली नाही. तिनं ते सांगितलं नाही. पुढं कधी सांगता येईल, असं पुढं असू दे, एवढंच तिला वाटलं.

भूपेश आला तेव्हा मयुरी अंगणात त्याच्या वाटेत उभी राहिली. पाठीमागं दाराशी रुपाली होती; तुमीच सांगा, म्हणाली होती. भावाला ओसरीवर बसवून मयुरीनं सांगितलं, शब्द वापरून सांगितलं: रुपालीच्या छातीत गाठ आहे, स्तनाचा कॅन्सर असू शकतो, उद्या चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे. शब्द बाहेर पडले आणि आभाळ कोसळलं नाही. शेजारची कोंबडी मोहाच्या फुलांत शिरली होती, तिला आई हाकलत होती. भूपेश जाळं हातात घेऊन तसाच बसला. त्याचं बोट जाळ्याच्या एका घरात शिरून अडकलं होतं आणि ते त्याला कळत नव्हतं. "मले काऊन नाई सांगतलं?" तो बायकोकडं न बघता म्हणाला. थोड्या वेळानं तो उठला, आणि पोराला उचलून तळ्याकडं गेला, आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मी बी येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये तो मागच्या सीटवर पोराला घेऊन बसला होता, आणि त्या दोघी पुढं. आई रस्त्यापर्यंत आली होती. बस सुटताना तिनं डाव्या बाजूला हात घालून चंची काढली आणि न उघडता पुन्हा ठेवली. मूलला बस बदलल्यावर रुपाली खिडकीशी बसली. तिचा डावा हात मयुरीच्या मांडीवर होता आणि मयुरीला तो जड लागत होता. पुढचं सगळं तिच्या डोक्यात गर्दी करून उभं होतं, रांगा, सुई, रिपोर्टची वाट, तो रिपोर्ट वाचणारा माणूस चष्मा कसा पुसेल तेही. आणि तिथंच कुठंतरी तिची स्वतःचीही पाळी, डॉक्टरांसमोरच्या पडद्याआड. तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायची शक्ती उरली नव्हती.

"ताई," रुपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते पोपटी कापड... शिवलं का?"

"नाई. कापलंच नाई अजून. आता तुह्यावरून माप घेऊन कापीन. दवाखान्यातून निपटल्यावर."

रुपालीनं मान हलवली. बस जंगलातून बाहेर पडली, उघडं माळरान आलं, दूर चंद्रपूरच्या चिमण्यांचा धूर दिसू लागला.

"कापडाच्या दुकानातल्या फोटोतल्या बाईसारखे मांगून हुक पाह्यजे होते मले," ती म्हणाली. "लय आवडे. पर आता मांगून नोको." तिनं डावा हात मयुरीच्या मांडीवरून उचलला, खांद्यापर्यंत नेऊन पाहिला, जिथं थांबला तिथं थोडा वेळ धरला आणि खाली घेतला. "हुक समोर ठेवजा. माह्या हातानं मले एकटीले लावता आले पाह्यजे."

"समोरच ठेवीन," मयुरी म्हणाली.